एकशे चाळीस टक्के गोडी

"शंभर भाग रसात एकशे चाळीस भाग साखर!" संगणकाच्या कागदावरचा आकडा वाचून पुण्याच्या इंजिनिअरनं कपाळाला हात लावला.

खोटं कशाला सांगू, एवढा गोड ऊस अठ्ठ्याहत्तर साली कृष्णाकाठीच काय, स्वर्गातसुद्धा पिकत नव्हता. सांगलीजवळच्या त्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत रस तपासणारं यंत्र केबलनं संगणकाला जोडलं होतं. यंत्रानं आकडा सांगायचा, संगणकानं छापायचा. सोमवारी बरोबर चौदा छापला. आज गुरुवारी पाच वेळा विचारलं, पाच वेळा निराळीच थाप! अकराला संचालक मंडळ बघायला येणार, आणि घड्याळात पावणेअकरा.

"आकाराम, केबलच्या सांध्यांना कथलाचे डाग तू दिलेस ना? कच्चे बसलेत. तसं लिहून देणार मी," इंजिनिअर साहेब उखडला.

आकाराम म्हणजे फौजेत सोळा वर्षं तारा जोडून आलेला, प्रयोगशाळेचा लंगडा शिपाई. साहेबानं लिहून दिलं की रवानगी गव्हाणीवर, उसाच्या मोळ्या उचलायला. तो पाय तिथं एक हंगामही टिकला नसता. त्यानं केबल उघडली. डाग पक्के होते. मग मागच्या खिडकीतून वाकून पाहिलं. यंत्रातली गळकी वीज जमिनीत नेणारा अर्थिंगचा खड्डा तव्यासारखा कोरडा पडला होता. खड्डा सुकला की फौजेतला वायरलेससुद्धा झपाटल्यासारखा बरळायचा.

त्या खड्ड्यात रोज दोन हंडे पाणी रोजंदारीवरची रंगुबाई ओतायची. सोमवारी हाच साहेब ओरडला होता, "यंत्राजवळ पाणी नको! बंद करा त्या बाईला!" ते रंगुबाईला सांगायला आकारामच गेला होता.

कोपऱ्यात भरलेली बादली होती. गुपचूप ओतली असती तर कुत्रंही भुंकलं नसतं. आकारामनं ती उचलली, दारापर्यंत नेली. पण पाणी आपणच ओतलं तर रंगुबाई कायमची बाहेरच राहणार! मग स्वतःलाच एक शिवी हासडून खाली ठेवली आणि पाय ओढत फाटकाकडे सुटला.

काम गेल्यापासून रोज बसायची तशी रंगुबाई फाटकाबाहेर बसली होती, हंडा पालथा घालून.

"मावशे, चला बिगीनं. खड्ड्याला पानी पायजे."

"आता पायजे व्हय? तवा नगो म्हनलास."

"चुकलं. संचालक आलं की माजी नोकरी गेली बगा."

"तुजी जाया लागली तवा पळत आलास. माजी गेली तवा पान चघळत आलावतास की रं!"

हंडा उचलून आकाराम नळाकडे निघाला. रंगुबाईनं तो हिसकावला. "आन हिकडं. लंगड्या, निम्मं सांडशील."

दारात इंजिनिअर आडवा आला. "पुन्हा पाणी?"

"दोन हंडं ओतू द्या, साहेब. मग काय लिवायचं ते लिवा."

फाटकात जीप वाजली. इंजिनिअरनं घड्याळाकडे बघितलं आणि बाजूला सरला. पहिला हंडा खड्डा गटागट प्यायला. कागदावर आलं, एकोणीस. दुसरा ओतला तेव्हा संचालकांच्या चपला व्हरांड्यात वाजत होत्या.

चौदा पूर्णांक दोन. पुन्हा विचारलं. चौदा पूर्णांक दोन.

"किरकोळ दोष होता, काढला," इंजिनिअर संचालकांना म्हणाला. आकाराम भिंतीला टेकून घाम पुसत राहिला.

तेवढ्यात रिकामा हंडा कमरेवर घेऊन रंगुबाई आत आली. आकारामकडे तिनं बघितलंसुद्धा नाही. तिनं साहेबालाच विचारलं, साऱ्या मंडळासमोर, "उद्या येऊ का नगो?"

इंजिनिअर वाकला आणि तिच्या खड्ड्याच्या वाटेत पसरलेली केबल, पाय अडखळू नये म्हणून, दोन्ही हातांनी उचलून धरली.