डॉक्टर मृगांकच्या चुका

स्वतःचीच पुस्तकं वाचनालयातून घरी नेणारा लेखक अख्ख्या अमरावतीत मी एकटाच असेन. शाळेत मराठी आणि इतिहास शिकवून उरलेल्या वेळात मी 'डॉक्टर मृगांक' ही रहस्यमाला लिहायचो आणि अकोल्याचे केशवराव ती छापायचे. पुस्तकावर नाव नुसतं 'हेमचंद्र'. शाळेतले लोक मला तोंडावर मास्तर आणि पाठीमागे मृगांक म्हणत, हे मला ठाऊक होतं. वाचनालयातली प्रत मी न्यायचो ती पानं किती मळली ते बघायला. कोपरे दुमडलेले दिसले की माझा दिवस चांगला जायचा. हसा हवं तर, पण तुमचंही पुस्तक छापून आलं की मग बोला.

माझा मृगांक दिवसा रुग्णांना वाचवायचा आणि कायद्याच्या हाती न लागणाऱ्या बदमाशांचा स्वतःच निकाल लावायचा. त्यासाठी तो खोटं बोले, खोटे कागद करी, मग शेवटच्या प्रकरणात दोन पानं भरून पश्चात्ताप करी आणि पोलीस दारात आले की खिडकीतून पसार होई. प्रत्येक पुस्तकात खिडकी असायचीच. केशवरावांची तशी सक्त ताकीद होती.

एकसष्टच्या हिवाळ्यात चौथ्या पुस्तकाच्या समासात मला पेन्सिलीची बारीक अक्षरं दिसली. 'क्लोरोफॉर्मचा रुमाल नाकाशी धरल्याबरोबर माणूस कोसळत नाही. बरीच झटापट होते.' पुढे एका पानावर, 'नाडी अशी बघत नाहीत.' आणि शेवटच्या पानावर, खिडकीच्या ओळीशेजारी, 'हा नेहमी सुटतो.'

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. वाचनालयाच्या पुस्तकात लिहू नये एवढी अक्कल नसलेला माणूस मला शिकवणार? पण पाचव्या पुस्तकात मी मृगांकला नाडी नीट बघायला लावली. त्या पुस्तकाच्या समासात, त्याच जागी, बरोबरची छोटी खूण होती. मी ती खूण रमेला, म्हणजे माझ्या बायकोला, दोनदा दाखवली.

हा माणूस कोण, ते सातव्या पुस्तकात कळलं. पानांमध्ये खुणेला कागदाची एक पट्टी राहून गेली होती, दोन्ही बाजूंनी कातरलेली. औषधाच्या बाटलीला डोस कळावेत म्हणून चिकटवतात तसली. आमच्या कोनाड्यात खोकल्याची बाटली होती, तिच्यावरही अगदी तशीच पट्टी, जुन्या कॅलेंडरच्या कागदाची, मागे तारखांचे आकडे दिसणारी. गावात कॅलेंडर कापून पट्ट्या करणारा कंपाउंडर एकच, नत्थुजी. आणि नत्थुजींचे डॉक्टर म्हणजे गोपाळकृष्ण पांढरीपांडे. सायकलवर मान खाली घालून जाणारे, फारसं न बोलणारे, गरिबाच्या घरी बोलावल्याशिवाय दुसऱ्यांदा जाऊन बघणारे. हा माणूस माझी पुस्तकं वाचतो याचा मला इतका आनंद झाला की त्यांना ते बोलून दाखवायचं धाडस काही होईना. मी पट्टी परत पुस्तकात ठेवली.

आठव्या पुस्तकाचं नाव होतं 'खोटा दाखला'. त्यात एका म्हाताऱ्या जहागीरदाराचा खून होतो आणि मृगांक तो हृदयविकार म्हणून लिहून देतो. 'मृगांकने एका झटक्यात सही ठोकली आणि हॅट चढवली,' हे वाक्य लिहून मी स्वतःवर फार खूश झालो होतो.

रविवारी सकाळी रमा आमच्या ओट्यावर बसून माझं नवं पुस्तक मोठ्यानं वाचायची आणि शेजारच्या बायका मेथी निवडत ऐकायच्या. भाजीवाली गंगूबाईही टोपली उतरवून तासभर टेकायची. गावाबाहेर तिची भाजीची वाडी होती, बांधाला संत्र्याची चार झाडं. पण संत्री तिच्या टोपलीत कधी नसायची. एकदा रमेनं घरातलं संत्रं सोलून तिच्यापुढे धरलं, तर तिनं हात मागे घेतला आणि लुगड्याला पुसला.

त्या रविवारी सहीचं वाक्य आलं तशी गंगूबाई माझ्याकडे वळली.

"मास्तर, पुढं मंग थो डॉक्टर खरं सांगते का?"

"सांगत नाही," मी म्हणालो. "निसटतो."

"काहून?"

मालिका चालू राहावी म्हणून, हे काही मला सांगता येईना. तिनंही वाट पाहिली नाही. मेथीची काडी मोडत ती आपली बोलायला लागली. बायकांना ते आधीच ठाऊक होतं, मला नव्हतं. तिची एकुलती एक लेक रुख्मिणी वलगावच्या जानरावला दिली होती. तीन वर्षांपूर्वी गेली.

"मुदतीचा ताप होता. पांढरीपांडे डॉक्टरानं तसा दाखलाच देल्ला. मले का मालूम ताप हाये म्हून? म्या दोन दिस आंधी संत्री घेऊन गेल्ती. पोट्टी सुकून गेल्ती, म्या म्हटलं खाय. जानराव सगळ्याईसमोर म्हने, मुदतीच्या तापात आंबट चारलं, मायनंच मारली पोरीले. नातीले बी भेटू देत नाई आता. बराबर हाये त्याईचं. मीच चारली ना."

रमा म्हणाली, "असं नसतं हो गंगूबाई." शेजारणीही तेच म्हणाल्या. त्या तीन वर्षं तेच म्हणत असणार. गंगूबाईनं टोपली डोक्यावर घेतली आणि ती गेली.

महिनाभरानं वाचनालयातली 'खोटा दाखला'ची प्रत हाती आली. सहीच्या वाक्याशेजारी पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'पाठीवरचे वळ पाहिल्यावर सही अशी झटक्यात होत नाही.' त्याखाली आणखी बारीक अक्षरात, 'आणि मरणारीच म्हणाली, माझ्या आईला कळू देऊ नका, तर मृगांक काय करील?'

मी ते प्रकरण पुन्हा वाचलं. माझ्या पुस्तकात वळ नव्हते. मरणारी बाई नव्हती, आई तर कुठेच नव्हती. मग गंगूबाईचं बोलणं आठवलं, आणि पांढरीपांडे डॉक्टरांनीच दिलेला तो मुदतीच्या तापाचा, टायफॉइडचा, दाखला.

खरं सांगतो, लपवून काय करायचं? माझ्या मनात पहिला विचार आला तो नवव्या पुस्तकाचा. दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून अकोल्याला जाताना गाडीत मी त्याची प्रकरणंसुद्धा पाडली. केशवरावांना नावं न सांगता गोष्ट सांगितली. ते खुर्चीत पुढे सरकले.

"झकास आहे. पण शेवटी मृगांक सुटला पाहिजे."

"आणि ती आई?"

"आईचं काय?" केशवराव म्हणाले. "आई दुसऱ्या प्रकरणातच संपली ना तुमची."

परतीच्या गाडीत मला स्वतःची शरम वाटली. डॉक्टरांनी आईला दुःख नको म्हणून खोटं लिहिलं होतं आणि त्याच खोट्यानं ती बाई तीन वर्षं स्वतःला लेकीची मारेकरीण समजत होती. हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. ते दोन्ही टोकांनी ठाऊक असलेला माणूस जगात एकटा मी होतो, आणि मी प्रकरणं पाडत बसलो होतो.

समोर जाऊन बोलायची छाती मला नाही, ती मी सगळी मृगांकला देऊन टाकली आहे. मी त्याच समासात शाईनं लिहिलं. 'त्या आईला ताप सांगितला गेला. तिनं दोन दिवस आधी मुलीला संत्री चारली होती. त्यामुळेच मुलगी गेली असं सासरच्यांनी तिला सांगितलं आणि तिनं ते खरं मानलं. तेव्हापासून ती संत्र्याला शिवलेली नाही. दर रविवारी दहा वाजता ती माझ्या ओट्यावर असते.' खोकल्याचं औषध आणायच्या निमित्तानं दवाखान्यात गेलो आणि पुस्तक नत्थुजींच्या हाती दिलं. म्हटलं, डॉक्टरांना द्या, पुन्हा बघायचं होतं त्यांना.

पहिल्या रविवारी डॉक्टर आले नाहीत. त्या आठवड्यात माझं वर्गात लक्ष नव्हतं, पोरांना पानिपत दोनदा शिकवलं. दुसऱ्या रविवारी दहाच्या सुमारास त्यांची सायकल आमच्या दारात थांबली. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. ते ओट्याच्या पायरीवर, गंगूबाईच्याही खालच्या पायरीवर बसले. रमेनं पुस्तक मिटलं. शेजारणी उठायला लागल्या तर डॉक्टरांनी हातानंच त्यांना बसवलं.

"गंगूबाई, मला ओळखलं?"

"ओळखलं ना. माह्या पोट्टीले तुमीच पाह्यलं."

"तिला ताप नव्हता," डॉक्टर म्हणाले. "कपाशीवर फवारायचं विषारी औषध प्याली होती ती. मी पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. पाठीवर मारल्याचे वळ होते. ते पाहूनही मी दाखल्यावर मुदतीचा ताप लिहिला."

गंगूबाईचे हात जुडी बांधत होते ते तसेच राहिले.

"काहून?"

"तिनंच हात धरला माझा. म्हणाली, माह्या मायले सांगू नोका. तिले वाटन का आपलंच काई चुकलं." डॉक्टरांनी स्वतःच्या मनगटाकडे पाहिलं. "मला वाटलं, तिचं एवढं तरी ऐकावं. पोलीस येतील, चिरफाड होईल, तेही नको वाटलं. जानराव पाया पडत होता. त्याच्यासाठी नाही केलं मी. पण वाचला तोच."

गंगूबाईनं विचारलं, "अन संत्री?"

"संत्र्यांचा काही संबंध नाही. शेवटी ती तेच बोलत होती. माय संत्री घेऊन आली होती, दोन खाल्ली, एक लेकीसाठी ठेवलं."

गंगूबाई रडेल असं मला वाटलं होतं. रडली रमा. गंगूबाई डॉक्टरांकडे वळली.

"तीन वर्सं झाले. तुमची सायकल रोज याच रस्त्यानं जाते. मी दिसत नोती का तुमाले?"

"दिसत होतात. म्हणूनच मान वर करत नव्हतो."

"आता सांगून तुमी मोकळे झाले. मी कोनाले सांगू? माहं कोन ऐकते?" ती उठली, लुगडं झटकलं. "चला वलगावले. जानरावच्या अंगनात उभं राहून सांगा. सगळ्याईसमोर."

मी मध्ये पडलो. म्हटलं, "गंगूबाई, डॉक्टरांची डॉक्टरकी जाईल. कदाचित तुरुंगातही जावं लागेल."

"अन माही पोट्टी गेली थे?"

डॉक्टर उठले. "मास्तर," ते हळूच म्हणाले, "मला खिडकी शोधून देऊ नका." त्यांनी सायकल आमच्या भिंतीला लावली आणि दोघं मोटारस्टँडकडे चालू लागली. पुढे गंगूबाई, दोन पावलं मागे डॉक्टर. भाजीची टोपली आमच्याच ओट्यावर राहिली.

डॉक्टरांचं पुढे काय झालं ते सांगतो. वलगावहून परतल्यावर ते स्वतःच ठाण्यावर गेले. चौकशी झाली, खटला झाला, दवाखाना बंद पडला, नत्थुजी दुसरीकडे लागले. गावानं त्यांना नावं ठेवली आणि त्याच गावातली माणसं अंधार पडल्यावर पोरं घेऊन त्यांच्या दारात जात राहिली. मी नवव्या पुस्तकात मृगांकला दारातून पोलिसांच्या हवाली केलं. केशवरावांनी छापलं, पण मालिका तिथंच संपवली. वाचनालयातली ती प्रत मी अनेकदा पाहिली. तिच्यात पेन्सिलीची एकही खूण नाही.

पण त्या रविवारी दुपारी काय झालं ते राहिलंच. चारच्या सुमारास गंगूबाई परत आली. डॉक्टर ठाण्याच्या रस्त्याला वळले होते. तिच्या बोटाला धरून पाचएक वर्षांची मुलगी होती, केस विस्कटलेले, पायात काही नाही. जानरावनं अंगणात ऐकून घेतलं, शेजारीपाजारी जमले, आणि गंगूबाईनं नातीचा हात धरला तेव्हा एकाचीही तिला अडवायची हिंमत झाली नाही. मुलीचं नाव बेबी. भूक लागली होती तिला. रमा स्वयंपाकघरात पोळी करायला गेली.

घरातलं एक संत्रं रमेनं सकाळी ओट्यावर आणलं होतं, ते तसंच पडून होतं. गंगूबाईनं ते उचललं. बराच वेळ हातात धरून ठेवलं. मग सोललं, एकेका फोडीच्या शिरा काढल्या, बिया काढल्या आणि पहिली फोड नातीच्या तोंडाशी धरली.

"खाय," ती म्हणाली. "तुह्या मायनं बी खाल्ली होती."