सोवळ्यातला श्वास

मी कॉलेजात शरीरशास्त्र शिकवतो. थंडी आणि कमी प्राणवायू एकत्र आले की शरीर काय करतं, हे मला पाठ आहे. दरवर्षी त्याच्यावर एक तास बोलतो, मुलं उतरवून घेतात. कळतं पण वळत नाही असं म्हणतात, ते माझ्यासारख्या शहाण्यांसाठीच.

आजीचं श्राद्ध पौषात येतं. ग्वाल्हेरात पौष म्हणजे दुपारपर्यंत धुकं. हरिशंकरपुरममधल्या आमच्या गल्लीत समोरचं फाटकही दिसत नाही. बाबांची, म्हणजे माधवरावांची, फुप्फुसं चार वर्षांपासून निकामी होत चालली होती. नाकाला नळी आणि नळीला ऑक्सिजनचं मशीन, असं दिवसरात्र चालायचं.

"या वेळी मी बसतो, बाबा."

"मी मेल्यावर बस. आणि ही नळी काढ. प्लास्टिक सोवळ्यात बिल्कुल चालणार नाही."

"निदान गीझरचं पाणी तरी..."

"आईसाठी एक दिवस थंड पाणी सोसणार नाही मला?"

मी नळी काढली. पन्नाशीचा झालो तरी बापाला घाबरत होतो, दुसरं काही कारण नाही.

दोन बादल्या गार पाणी अंगावर घेऊन ते ओलेत्याने मागच्या व्हरांड्यात पाटावर बसले आणि कुडकुडायला लागले. कुडकुडणारं शरीर दुपटीहून जास्त प्राणवायू मागतं. त्यांच्यापाशी नेहमीपुरताही नव्हता. थंडीने कातडीतल्या रक्तवाहिन्या आवळतात, प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्याही. मधे एकटं हृदय, दोन्हीकडच्या बंद दारांना धक्के देत बसतं. हे सगळं माझ्या डोळ्यांसमोर चाललं होतं आणि मी चार हात अंतरावर हाताची घडी घालून उभा होतो.

पुढे होऊन त्यांना शाल गुंडाळायची, तर शिवावं लागणार. शिवलो, तर ते पुन्हा गार पाण्याने आंघोळ करून पहिल्यापासून सुरू करणार. त्यांचा हट्ट मला ठाऊक होता. दुसरी आंघोळ त्यांनी सोसली नसती. म्हणून लवकर उरकू दे एवढंच मी मनात म्हणत राहिलो.

मग कुडकुडणं थांबलं.

"देखो, थंडी गेली," समोर बसलेले गुरुजी खूश होऊन म्हणाले. "पितरांची कृपा."

मंजिरी, माझी बायको, स्वयंपाकघराच्या दारात आली. "अहो, बाबांचे ओठ निळे पडलेत. बघा तरी!"

अंग गरम न होता कुडकुडणं थांबलं, तर शरीराने हात टेकलेले असतात. हे वाक्य मीच फळ्यावर लिहितो. तरी मी तिला म्हणालो, "पिंड होऊ दे. पाच मिनिटं." त्या पाच मिनिटांची मला अजून लाज वाटते, आणि वाटत राहावी.

गुरुजींनी हातावर तीळ दिले. "आता मातोश्रींचं नाव घ्या."

 तीळ बाबांच्या बोटांतून पाटावर सांडले. गुरुजींनी पुन्हा विचारलं. बाबांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत धाक नव्हता, राग नव्हता. सत्तर वर्षं जिचं श्राद्ध घातलं, तिचं नाव त्यांना सापडत नव्हतं.

"अभिराम, आईचं नाव काय रे?"

मी धावलो. ते माझ्या अंगावर कलंडले. ओलं धोतर, बर्फासारखे पाय, छातीत घुर्रघुर्र. मी त्यांना उचललं आणि पुढच्या खोलीतल्या मशीनकडे निघालो. मंजिरी पुढे धावत दारं उघडत होती. डॉक्टरला फोन लाव म्हणून मी ओरडलो. ते किती हलके झाले होते, हे मला त्या दिवशी कळलं.

बैठकीच्या दारात त्यांनी डोळे उघडले.

"शिवलास?"

"नाही, बाबा," मी त्यांना छातीशी घट्ट धरून म्हणालो. "नाही शिवलो."

त्यांनी मान हलवली. नळी नाकाला लावली तेव्हा तिच्यातली हवा ओढून घ्यायला त्यांच्यात श्वास उरला नव्हता.