झाकणाखालची चिठ्ठी

हसा, माझं पोट सुटलंय म्हणून खुशाल हसा! मी चहाची किटली आहे. पोट नसतं तर चहा कुठे ठेवला असता? तपकिरी मातीची मी, स्टॅफर्डशरच्या भट्टीत भाजलेली. माझ्या बहिणी चांगल्या घरी पडल्या, खऱ्या चहाच्या धनी झाल्या. मी मात्र मँचेस्टरच्या एका टीव्ही स्टुडिओत आले आणि पाच वर्षं जळक्या साखरेचं गार पाणी पोटात घेऊन बसले. कॅमेऱ्याला काय कळतंय!

आमच्या विनोदी मालिकेचं नाव होतं 'चूक आमची नव्हे'. रेल्वेचं हरवलेल्या सामानाचं ऑफिस आणि त्याचे साहेब मिस्टर पर्किस. जगाच्या छत्र्या सांभाळणारा हा माणूस स्वतःच्या किल्ल्या रोज हरवायचा. ऑफिसात चहा करायला प्रत्येकाचा नंबर लागलेला. साहेबांचा मात्र पाच वर्षांत कधी आला नाही. "उद्या माझा नंबर!" असं ते दर भागात ऐटीत म्हणत आणि समोर बसलेले तीनशे प्रेक्षक खो खो हसत.

पर्किस व्हायचा लेनर्ड थ्रूप. अगदी देवमाणूस. पण चौथ्या वर्षी त्याची वाक्यं निसटायला लागली. आधी एखादा शब्द, मग अख्खं वाक्य. सेटवरचं सामान सांभाळणाऱ्या ग्लेनिसच्या ते सगळ्यात आधी लक्षात आलं.

"कुणाला बोलू नकोस गं, काम जाईल माझं," तो म्हणाला. त्याचा हात माझ्या कानावर होता.

ग्लेनिस वेल्सची, तोंडाने फटकळ. "मी कशाला बोलू? मला काय वेड लागलंय?" म्हणाली आणि निळ्या शाईच्या पेनाने त्याची वाक्यं एका पट्टीवर लिहून माझ्या झाकणाला आतून चिकटवली. मग काय विचारता! हुकूम सोडण्याआधी पर्किससाहेब झाकण उचलून माझ्यात डोकावू लागले आणि लोक हसून बेजार. किटलीला विचारल्याशिवाय साहेबाला काही सुचतच नाही! खरं सांगते, मला तेव्हा फार भाव चढला होता.

चिडायची फक्त बेरिल. पर्किसला टोमणे मारणाऱ्या कारकुनाचं काम ती करी, आणि तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. "लेन, किती वेळ डोकावतोस रे? तोवर माझी गंमत शिळी होते!" असं म्हणायची. तो नुसता हसायचा.

शेवटच्या भागाचं चित्रीकरण आलं. ऑफिस बंद होतंय, साहेबांनी निरोपाचं भाषण करायचं, एवढाच प्रसंग. भाषण मोठं, म्हणून ग्लेनिसने बारीक अक्षरात दाटीवाटीने लिहिलं होतं. आणि ती कपाटं तपासायला गेली तेवढ्यात बेरिल आली, माझ्यातलं गार पाणी मोरीत ओतलं, चहाची पत्ती घातली, वर उकळतं पाणी घातलं आणि न बघताच झाकण लावून टाकलं.

"पाच वर्षं हे गटारपाणी ढोसलं. आज तरी माणसांसारखा चहा पिऊ या!"

अहाहा! पहिल्यांदाच पोटात खरा चहा. मी सुखावून गेले, आणि मग मला झाकणाखालची शाई आठवली. ओरडायचं कसं? आम्हा किटल्यांना तोंड असतं, आवाज नसतो.

लेनर्डने झाकण उचललं. वाफेने सगळं भाषण ओघळून गेलं होतं. तो बघत राहिला. लोक हसले, आणखी हसले, मग हळूहळू हसायचे थांबले. बेरिल पुढे झाली, तिने झाकणात पाहिलं. पट्टी पाहिली, ओघळ पाहिले, त्याचे डोळे पाहिले. तिने झटकन टेबलावरचं रजिस्टर ओढलं.

"काय साहेब, भाषणही हरवलं वाटतं? नोंद करून घेते. रंग कोणता?"

"रंग..." लेनर्ड म्हणाला. "निळा."

"शेवटचं कुठे पाहिलं होतं?"

"या किटलीत."

लोक पुन्हा हसले. बेरिल मात्र हसली नाही. "आणखी काय हरवलंय?"

"बरंच काही हरवत चाललंय, बाई," तो हळूच म्हणाला. "पण तुम्ही सगळे अजून दिसताय मला. बसा सगळे. आज माझा नंबर."

आणि त्याने एकेकाला चहा ओतून दिला. यातलं एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं. तीनशे माणसं उभी राहून टाळ्या वाजवत होती. बेरिल कपात तोंड घालून रडत होती.

आता मी मोरकंबला, समुद्राजवळ, लेनर्डच्या स्वयंपाकघरात असते. मालिकेचं नाव त्याला आठवत नाही. दर गुरुवारी बेरिल येते. "बाई, आपण कोण?" तो विचारतो. ती मला त्याच्यापुढे सरकवते. तो झाकण उचलून डोकावतो.

तेव्हा एक विनंती आहे. उद्या मी कुणाच्याही हाती गेले, तरी मला आतून घासू नका. झाकणाखाली बेरिलने आता पेन्सिलीने लिहिलंय, वाफेने न पुसणारं: 'ही बेरिल. तुझी जुनी मैत्रीण. आज तुझा नंबर.'

तो वाचतो, आणि दोन कप मांडतो.