पाय धुणाऱ्या घमेल्याची साक्ष

मी घमेलं बोलतोय. लोखंडाचं, एका कानाला वाकलेलं. हसू नका, चांगल्या चांगल्यांचे पाय माझ्यात पडलेत.

सुखीबाईनं मला मुकुटबनच्या बाजारातून आणलं. बोटानं टकटक वाजवून तिनं तीन घमेली नाकारली आणि मला उचललं. त्याचा मला पुढं बरीच वर्षं माज होता. आमच्या बंजारा तांड्यातल्या प्रार्थनाघराचा सगळा मुरूम माझ्यातून वाहिला. एरवी माझ्यात बैलांची ढेप, म्हणजे सरकीची पेंड, भिजायची.

एका वर्षी पाळक प्रेमबापू वणीहून गाडीवर आले आणि पाय धुवायचं भांडं घरीच विसरले. उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी ते मंडळीतल्या बारा जणांचे पाय धुतात. येशूनं शिष्यांचे धुतले होते, त्याची आठवण म्हणून. सुखीबाईनं मला राखेनं घासलं आणि पुढं केलं. तेव्हापासून हे काम माझंच झालं.

आता आमच्या तांड्याची गंमत ऐका. पाळकानं आपल्या घाणीला हात लावायचा म्हणजे काय, या लाजेनं सगळे घरूनच पाय धुऊन यायचे. साबण लावून, टाचा दगडानं घासून! लखीराम तर नवे मोजे घालून यायचा. धुतलेले पाय पुन्हा धुवायचे. पाणी जसं माझ्यात यायचं तसंच नितळ बाहेर जायचं. प्रेमबापू हसायचे, पण बोलायचे नाहीत.

लखीराम हा सुखीबाईचा मोठा मुलगा, मंडळीचा कारभारी. धाकटा धरमसिंग. बापाच्या माघारी वावर दोघांत वाटलं गेलं. मधल्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, हद्दीचा गोटा रोवला आणि धुऱ्यालगतचं आंब्याचं झाड धरमसिंगकडं गेलं. ते लखीरामच्या डोळ्यांत खुपायचं.

चार वर्षांपूर्वी बाजाराच्या दिवशी, तांडा रिकामा असताना, लखीरामनं गोटा उपटून तीन हात पलीकडं रोवला. आंबा त्याच्याकडं आला. जुना खड्डा बुजवायला माती कशातून नेली? माझ्यातून. खोटं कशाला सांगू, मालक जिंकणार म्हणून मलाही बरं वाटलं होतं.

धरमसिंगनं बोंब मारली. पंच वावरात आले. लखीराम हात वर करून म्हणाला, "म्या गोट्याले हातबी नाई लावला." पंचांनी गोटा पाहिला आणि लखीरामच्या बाजूनं निकाल दिला. तेव्हापासून तांडा धरमसिंगला खोटारडा म्हणायला लागला.

त्या रविवारी लखीराम प्रार्थनेत साक्ष द्यायला उभा राहिला. "प्रभूनं मले विजय देल्ला!" मंडळी म्हणाली, हालेलुया. धरमसिंग चटईवरून उठला आणि गेला, तो परत आलाच नाही.

सुखीबाईला खरं माहीत नव्हतं, पण आईच ती. तिनं प्रभुभोजनाची भाकर घेणं सोडलं. "माहे दोन्ही लेकरं एका चटईवर बसल्याबिगर म्या भाकर तोडत नाई," म्हणाली. आंबा दर साल लगडला. तिनं एक फोड तोंडात घातली नाही. बाई वाळत चालली होती हो. प्रभुभोजनाच्या दिवशी ती दाराशी बसून राहायची, तेव्हा मला माझीच शरम वाटायची.

यंदा प्रेमबापूंची कंबर धरली. म्हणाले, "मले वाकता येत नाई. औंदा पाय लखीरामभाऊ धुईन." लखीराम खूश! पांढरा सदरा, खांद्यावर नवा टॉवेल. बसायला स्टूल घेतलं, मांडीवर टॉवेल पसरला आणि ऐटीत अकरा जणांचे पाय धुतले. सगळे नितळ. बारावी, धरमसिंगची जागा मात्र रिकामी होती.

सुखीबाईनं नातीला, लखीरामच्या उज्ज्वलाला, वावरात पिटाळलं. "काकाले म्हण, याडीनं, तुह्या मायनं बलावलं."

धरमसिंग आला तो थेट कापसाची पऱ्हाटी उपटता उपटता. घोट्यापर्यंत काळी माती, टाचांना भेगा, अंगठ्यात काटा मोडलेला. आईकडं पाहून गुपचूप बसला आणि पाय माझ्यात ठेवले. पाणी काळं झालं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा!

लखीरामचा हात थांबला. स्टुलावरून भेगांतली माती निघेना. त्यानं स्टूल सरकवलं, गुडघे जमिनीला टेकले आणि काटा काढायला मान खाली घातली. धरमसिंग पाय ओढून घेत म्हणाला, "राहू दे भिया. मले लाज वाटते."

"लाज तुले काहून?" लखीराम म्हणाला. "गोटा म्या सरकवला."

मग दाराशी बसलेली सुखीबाई म्हणाली, "मोठ्यानं बोल. मंडळीले ऐकू येऊ दे."

"गोटा म्या सरकवला! धरम्या खरा होता. खोटारडा म्या हाओ."

तुम्हाला वाटेल, भावानं लगेच गळ्यात मिठी मारली. नाही मारली. धरमसिंग म्हणाला, "पाय धुशीन रे तू. चार वरीस लोकायनं मले खोटारडा म्हटलं, ते कसं धुशीन?"

लखीराम तसाच गुडघ्यावर राहिला आणि टॉवेलनं भावाचे पाय पुसत राहिला.

दुसऱ्या दिवशी उत्तम शुक्रवार. भर उन्हात लखीरामनं वावरातला तो गोटा उपटला आणि माझ्यात घातला. मला डोक्यावर घेऊन आधी तांड्यात आला. प्रत्येक दारात थांबून सांगत गेला, "गोटा म्या सरकवला होता." कोणी हसलं, कोणी थुंकलं, कोणी दार लावलं. त्यानं मान वर केली नाही. शेवटी वावरात गेला आणि जुन्या जागी खड्डा खणायला लागला. थोड्या वेळानं पलीकडून धरमसिंग आला. गोट्याचं एक टोक त्यानं धरलं.

गोटा उतरवताना माझं बूड फाटलं.

रविवारी, पुनरुत्थानाच्या सणाला, लखीराम पुन्हा साक्ष द्यायला उठला. "प्रभूनं मले हरवलं," एवढंच बोलला. हालेलुया कोणाला सुचलंच नाही. चटईवर परत येऊन बसलेला धरमसिंग सरकला आणि त्यानं भावाला जागा केली. सुखीबाईनं चार वर्षांनी भाकर तोडली. चावताना ती रडत होती, आणि हसतही होती.

आता मी गोठ्यामागं पालथा पडलोय. माझ्यावर कोंबडी बसते. पाणी काही माझ्यात राहत नाही. प्रेमबापूंनी स्टीलचं नवं भांडं आणलंय, चकचकीत. मला वाईट वाटतं, नाही कशाला म्हणू?

त्या नव्या भांड्याला सांगायला मी कोण! पण तुम्हाला सांगतो. पुढच्या साली पाय धुवायला बसाल ना, तर बाबांनो, घरून धुऊन येऊ नका.