ऑरिनची बॅट भिंतीवरून उतरली

मी जुनी आहे, कबूल. पण मला म्हातारी म्हणायचं काम नाही. मी बेसबॉलची बॅट आहे, मित्रांनो. तुमच्या क्रिकेटच्या बॅटसारखी चपटी नव्हे, मुसळासारखी गोल आणि लांब. आणि मी कुणा सोम्यागोम्याची नाही. मी ऑरिन टॅकेटची बॅट आहे.

पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरातल्या अ‍ॅश नावाच्या चिवट झाडातून मला कातून काढलं आणि अंगावर कारखान्याचा शिक्का तापवून उठवला. दुसरे खेळाडू हलक्या बॅटी शोधत. मी चांगली जड. ऑरिननं मला उचललं, एकदा फिरवलं आणि म्हणाला, "हीच." संध्याकाळी तो मला बैलाच्या जाड हाडानं घासत बसायचा. त्यानं लाकूड दबून घट्ट होतं. त्याची बायको हेस्टर करवादायची, "सूपला एक हाड उरू देत नाही हा माणूस! जेवायला काय, तुझी बॅट वाढू?" तो हसायचा आणि घासत राहायचा.

मग खेळाचे दिवस आले. चेंडू फेकणाऱ्या पिचरनं हात मागे घेतला की सारं मैदान गलका करायचं, ऑरिन मात्र शांत व्हायचा. त्याची बोटं माझ्याभोवती जराशी सैल पडायची. तेवढ्यावरून मला कळायचं, आता चेंडू कुंपणापार जाणार. तो आवाज अजून माझ्या अंगात आहे.

ऑरिन गेला. त्याची नात लोर्ना हिनं गावात नाश्त्याचं हॉटेल काढलं आणि मला कॉफीच्या यंत्रावर भिंतीला टांगलं. येणारा जाणारा माझं कौतुक करायचा, पण हात कुणी लावत नव्हतं. अंगावर तव्यावरच्या चरबीचा थर बसत गेला.

आणि खाली रोज तोच वाद, सर्वश्रेष्ठ खेळाडू कोण! शाळेच्या संघाला शिकवणारा रस्टी एका सकाळी पॅनकेकचा घास घेत म्हणाला, "डेल्बर्टकाका, तुमचा ऑरिन त्याच्या काळात मोठा. पण आजचा वेगवान चेंडू आला असता ना, तर हा ओंडका खांद्यावरून हलायच्या आत गडी बाद झाला असता."

खाणीतून निवृत्त झालेले डेल्बर्ट उसळले. "अरे, आजचे तुझे गडी कोपराला चिलखत बांधून खेळतात! ऑरिनच्या डोक्यावर साधी कापडी टोपी होती. त्याच्यासारखा झाला नाही आणि होणार नाही."

"पुरावा द्या, काका. आठवणी नकोत."

लोर्नानं किटली आदळली. "पुरावा हवा? तुझं चेंडू फेकायचं यंत्र आजच्या वेगावर लाव. मी आजोबांच्या बॅटनं मारते. नाही लागला, तर ही बॅट तळघरात आणि तुझ्या लाडक्या खेळाडूचा फोटो इथं. लागला, तर ह्याच स्टुलावर उभं राहून सगळ्यांदेखत आजोबांचं नाव घ्यायचं."

तळघर! माझ्या लाकडाला थंडी भरली. पण खरं सांगते, भीतीपेक्षा आनंद मोठा होता. मला कुणीतरी खाली उतरवत होतं.

मैदानावर पहिला चेंडू आम्हाला दिसलाच नाही. दुसरा लोर्नाच्या कानाशी गुणगुणत गेला. "बस झालं ना?" रस्टी ओरडला. "गप उभा राहा!" ती म्हणाली. मग तिची बोटं जराशी सैल पडली. मी ओळखलं.

मी फिरले. चेंडू सणसणत यंत्रावरून गेला आणि लांब गवतात पडला. पण त्याच क्षणी माझ्या अंगात कडकन काहीतरी तुटलं. मुठीच्या वर उभी भेग गेली होती.

"शिक्का चेंडूकडे धरलास, पोरी!" डेल्बर्ट धावत आले. "लाकडाच्या बॅटचा शिक्का आभाळाकडे हवा. शिक्क्यावर चेंडू बसला की लाकूड फाटतंच."

"मी जन्मभर धातूच्या बॅटनं खेळले, काका. आधी का नाही सांगितलंत?"

"टॅकेटच्या नातीला हे सांगायचं असतं होय?"

लोर्ना मला मांडीवर घेऊन गवतातच रडत बसली. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं: अगं, चेंडू कुठं पडला ते बघ! रडतेस काय!

रस्टी गाडीकडे गेला आणि बारीक खिळे आणि चिकटपट्टी घेऊन आला. डेल्बर्टनी भेगेत खिळे ठोकले. रस्टीनं पट्टी घट्ट गुंडाळली. गुंडाळतानाच म्हणाला, "स्टुलावर उभा राहीन. पण एका फटक्यानं कुणी सर्वश्रेष्ठ ठरत नाही, काका."

"आधी उभा तर राहा," डेल्बर्ट म्हणाले.

हॉटेलात परतल्यावर तो राहिला, आणि त्यानं ऑरिनचं नाव खणखणीत घेतलं. खाली उतरल्या उतरल्या पुन्हा वाद सुरू! लोर्ना मात्र मला परत टांगायला स्टुलावर चढली, हातात खिळा घेऊन थबकली, आणि मला घेऊन तशीच मागच्या दारानं बाहेर पडली.

मित्रांनो, आता मी चर्चमागच्या मोकळ्या जागेत असते. तिथं पोरं जुन्या मऊ चेंडूंनी खेळतात, लोर्नानं मला त्यांच्याच हाती दिलं. मी चिखलात पडते, भांडणात ओढली जाते, कधी कुंपणापलीकडे भिरकावली जाते. सर्वश्रेष्ठ कोण, असं मला विचाराल, तर मी ऑरिनचंच नाव घेईन. मी त्याच्या बाजूची आहे, आणि तसं सांगायची मला लाज नाही. पण तुमच्या घरी कुणाची आवडती वस्तू खिळ्याला लटकत असेल, तर एवढं करा: तिला खाली घ्या, पुसा, वापरा. मोडली तर जोडा. आम्हाला नुसतं टांगून ठेवू नका. आमच्यात अजून फटके शिल्लक आहेत.