उगाच गेलेला माणूस

आमचे हे गोष्टी लिहितात आणि शनिवारी दहा-बारा जणांना लिहायला शिकवतात. ह्यांचा पहिला नियम असा की पात्र विनाकारण पाऊल उचलत नाही. कुणाच्या वहीत 'उगाच' दिसलं की ह्यांचं डोकं फिरतं. ह्यांचं सगळं लिखाण मीच टाईप करते, त्यामुळे ते नियम मला तोंडपाठ आहेत आणि त्यांचा वीटही आलाय.

माझे धाकटे दीर वायरमन. त्या सुट्टीच्या दुपारी ज्या गोदामाला आग लागली, तिथलं वायरिंग त्यांनीच केलेलं. आत झोपलेला रखवालदार दगावला. आगीच्या थोडं आधी भावजींना फाटकाशी उभं असलेलं दोघांनी पाहिलं होतं. पोलिसांनी लेखी जबाब घेऊन यायला सांगितलं.

भावजी आमच्या स्वयंपाकघरात बसले होते. चहावर साय धरली तरी कपाला हात नाही.

"तू तिथे का गेलास?" ह्यांनी विचारलं.

"उगाच रे दादा. घरी करमेना, फिरत फिरत गेलो. जरा उभा राहिलो नि परत आलो."

"हे कोण ऐकून घेईल? कारण दे."

"कारण नव्हतंच."

"अहो, माणसं जातात उगाच कुठेही," मी म्हटलं. "मी नाही का दिवसातून चारदा गॅलरीत जात?"

"तुझ्या गॅलरीवर कोणी गोष्ट लिहीत नाही," हे म्हणाले.

मी भावजींचा चहा पुन्हा गरम करायला उठले, ह्याची मला लाज वाटते.

ह्यांनी खोदून खोदून विचारलं. महिन्यापूर्वी गोदामाचा मालक भावजींना चारचौघांत नाही नाही ते बोलला होता, एवढं निघालं. ह्यांचे डोळे चमकले. तासाभरात जबाब तयार. अपमान जिव्हारी लागला होता, म्हणून मालकाला जाब विचारायला गेलो; फाटक बंद दिसलं, तसाच परतलो. कुठे फट म्हणून नाही. मी टाईप केला आणि भावजींनी न वाचताच सही केली. दादावर त्यांचा लहानपणापासून आंधळा विश्वास.

पोलीस ठाण्यात साहेबांनी तो दोनदा वाचला.

"कोणी लिहिलाय? एकदम पटतो बघा."

खरं सांगते, ह्यांचा चेहरा खुलला.

"बाकी सगळं होतं आमच्याकडे," साहेब म्हणाले. "हा आग का लावेल, तेवढंच कळत नव्हतं."

हवालदाराने भावजींचा दंड धरला.

"साहेब, मी उगाच गेलो होतो हो!"

"असं उगाच कोणी जातं का?" साहेबांनी ह्यांना विचारलं.

ह्यांनी सवयीने नकारार्थी मान हलवली.