मुठीतला बोळा

माझा उजवा कान कारखान्यानं खाल्ला. हे आधीच सांगून ठेवतो, म्हंजे उजव्या बाजूला बसून बोलनाऱ्यानं मंग रुसू नये.

मी रंभाजी. साखर कारखान्यात मिल हाऊसला फिटर हुतो, आता रिटायर होऊन मिरजगावला असतो. मिल हाऊस म्हंजे ऊस चिरडून रस काढत्यात ती जागा. मोठाले रोलर, त्यांना फिरवनारं टर्बाईन, आनि आवाज असा की शेजारचा मानूस वरडला तरी नुसतं तोंड हललेलं दिसतं. म्हनून आमची तिथं हाताची भाषा. तळहात गोल फिरवला की चालू कर. कानाच्या पाळीला बोट लावलं की बेरिंगचा आवाज ऐक, कायतरी बिघडलंय. आनि मूठ वळून उभी धरली की थांबव, आत्ताच्या आत्ता थांबव. ही मूठ कुनी उगाच धरीत न्हाई. मिल थांबली की म्होरं उसाच्या गाड्या तुंबत्यात, इंजिनियर धावत येतो आनि मूठ धरनाऱ्याची खरडपट्टी निघती.

कानात बोळे घालायची आमच्यात पद्धत नव्हती. बेरिंग जायच्या आधी आवाज बदलतो, आनि तो बदल ज्याला आधी कळतो तो खरा फिटर. कान बंद करून कसलं काम करता? कुनी नवा गडी कानात कापूस कोंबून आला की आमी त्याला ‘पाव्हनं’ म्हनून चिडवायचो. दोन-चार दिवसांत तो कापूस काढून टाकायचा.

पाळी संपवून घरी आलो की कान नुसते गुंई करायचे. बायको भिमाबाई काय बोलती ते तासभर कळायचं न्हाई. मंग आमची प्रज्ञा, एवढीशी पोरगी, म्होरं येऊन हातानं सांगायची. मिलमधल्या सगळ्या खुना तिनं माझ्याकडनं उचलल्या आनि वर सोताच्या चार घातल्या. शाळेच्या फीला काय खून, आईचा पारा चढल्याला काय खून, सगळं ठरल्यालं. माझे आईबाप पाथर्डीकडचे, दर साली कोयता घेऊन ऊस तोडायला जायचे. मी तोच ऊस चिरडायला उभा राह्यलो. आनि ही पोरगी शिकून नगरला एका सेंटरात एमआरआयची मशीन चालवायला लागली. एष्टीत शेजारी कुनी बसलं की सोनईचा असो का जामखेडचा, हे ऐकल्याबिगर मी त्याला उतरू देत न्हाई.

तर ह्या दिवाळीनंतर एका सकाळी उठलो आनि डावा कान बंद. पानी गेल्यावर होतो तसा, आनि आत शिट्टी वाजतीय. भिमाबाईला वाटलं, मी सोंग करतोय. ती म्हनली असंल बरंच काय काय, मला कायबी ऐकू आलं न्हाई. तवा मातर माझ्या काळजाचं पानी पानी झालं. उजवा आधीच गेल्याला, हा एकच शिल्लक. हा गेला तर संपलंच की.

कानाच्या डाक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या आनि म्हनले, एमआरआय करून घ्या, कानाच्या नसेवर गाठ तर न्हाई ना ते बघाय पायजे. गाठ शब्द ऐकून भिमाबाईनं पदर तोंडाला लावला. मी म्हनलं, रडू नको, मशीन आपल्या घरचीच हाय.

प्रज्ञानं आमाला बाप म्हनून काय सवलत दिली न्हाई. मोबाईल, पट्टा, चुन्याची डबी, सगळं काढून घेतलं. फिटर हाय म्हनल्यावर डोळ्यात लोखंडाचा कन अडकल्याला नसंल ना, म्हनून डोळ्याचा एक्सरे आधीच काढायला लावला हुता. मी म्हनलं, “एवढी तपासनी तर तुझ्या लग्नात पोराची बी केली नव्हती.” ती हसली न्हाई. कामाच्या जागी ती हसत न्हाई, ते बी मला आवडलं.

मंग तिनं दोन पिवळे मऊ बोळे घेतले, बोटात वळून बारीक केले, माझा कान वर वढला आनि एकेक आत सारला. फुगून घट्ट बसंस्तोवर बोट लावून उभी राह्यली. डाव्या कानाला जरा जास्तच येळ. कानाशी तोंड आनून मोठ्यानं म्हनली, “ह्याच्यावर आणखी पॅड येतील दादा. मशीनचा आवाज फार असतो. दोन्ही लागतात.”

पॅड आनायला ती वळली आनि माझ्या डोक्यात फिटर जागा झाला. मशीन अनोळखी, चालवनार माझी लेक, आनि जो एक कान हाय तोच बंद. उद्या आत काय बिघडलं तर कळायचं कुनाला? डाव्या कानातला बोळा मी हळूच वढून काढला आनि मुठीत दाबला. उजव्याला राहू दिला, तिथं असला काय आनि नसला काय. प्रज्ञा आली, तिनं दोन्हीकडनं पॅड बसवले, तोंडावर पिंजरा ठेवला. उजव्या हातात रबरी फुगा दिला, काय वाटलं तर दाबा म्हनली. पिंजऱ्याला बारका आरसा हुता. त्याच्यात पायाकडची काचंची खिडकी दिसत हुती आनि खिडकीमागं बसल्याली माझी लेक.

मशीन सुरू झाली. आधी नुसतं टकटक. मंग एकदम टर्बाईनच्या बोडक्यावर कान ठेवल्यावानी दनका. डाव्या कानात सनसनून कळ गेली. दात आवळून पडून राह्यलो, म्हनलं आपन काय पाव्हनं हाय का. तेवढ्यात आवाज थांबला आनि दुसराच सुरू झाला, चिरका, भराभर, खडखडत. बेरिंग गेली. माझी लेक खिडकीशी बसलीय आनि ही मशीन आता तुकडे तुकडे होऊन उडनार. त्या फुग्याची याद बी झाली न्हाई. हात वर करायला जागा नव्हती, पोटावरच डाव्या हाताची मूठ उभी केली.

मशीन बंद.

मी फळीसकट भाईर आलो तवा प्रज्ञा पळत येऊन पिंजरा काढीत हुती. एक पॅड उचलून म्हनली, “काय होतंय दादा? दुखतंय कुठं?”

मी म्हनलं, “मला काय न्हाई. मशीनची बेरिंग गेलीय. ग्रीस कधी दिलंत शेवटचं?”

ती म्हनली, “ह्यात फिरणारी बेरिंग नसते दादा. फोटोचा प्रकार बदलला की आवाज बदलतो. तो बदलणारच.” आनि मंग तिची नजर माझ्या हातावर गेली. “मूठ उघडा.”

मी उघडली न्हाई.

“उघडा म्हणते ना.”

उघडली. पिवळा बोळा घामानं वला झाल्याला. तिचं तोंड असं झालं की मला वाटलं, रडती का मारती. मी आपलं बोलून बसलो, “मला आवाजाची सवय हाय गं.”

ती माझ्या कानाशी वाकली. “आवाजाची सवय कुणालाच होत नाही दादा. कान जातो, एवढंच होतं. तुमच्या उजव्याला काय झालं मग?”

मी आपला तळहातावरच्या बोळ्याकडं बघत राह्यलो.

तेवढ्यात सेंटरचे डाक्टर अनिमेष आत आले. तरुन मानूस, वागायला चांगला. उघड्या डाव्या कानानं तुटक ऐकू येत हुतं, बाकी मिलमधल्या मानसाला व्हट बघून कळतंच. ते म्हनले, “प्रज्ञा मॅडम, थोडंच राहिलंय. वरून पॅड आहेत ना, आहे तसं संपवू. बाहेर पेशंट खोळंबलेत.”

मी बी मान हालवली. म्हनलं, “व्हय साहेब, माझी हरकत न्हाई.”

प्रज्ञा ताठ उभी राह्यली. आवाज चढवला न्हाई, पन डोळे तसे मी तिचे कधी बघितले नव्हते. “सर, ज्या कानासाठी आपण हा फोटो काढतोय, तोच कान उघडा ठेवून मी मशीन चालवणार नाही. माझे वडील आहेत म्हणून नाही. इथं कुणीही झोपलं असतं तरी नाही.”

मला एका सीझनची गोष्ट आठवली. तवा कानात अशी कळ आली हुती की मी मूठ उभी केली. मिल थांबली. इंजिनियर पळत आला, म्हनला काय झालं मशीनला? मी म्हनलं, मशीनला न्हाई साहेब, माझा कान. तो म्हनला, मंग मूठ कशाला धरलीस? आनि त्यानं तळहात गोल फिरवला. मिल चालू झाली. मी बी मान खाली घालून कामाला लागलो. आमच्या तिथं मशीन मशीनसाठी थांबायची. मानसाच्या कानासाठी थांबल्याली मी उभ्या जन्मात बघितली नव्हती.

डाक्टर अनिमेष एकदा माझ्याकडं, एकदा त्या बोळ्याकडं बघत राह्यले. मंग म्हनले, “बरोबर आहे तुमचं. पहिल्यापासून घ्या. बाहेरच्यांना मी सांगतो.” आनि गेले.

प्रज्ञानं नवा बोळा वळला. ह्या खेपेला कानावर बोट ठेवून माझ्या डोळ्यांत बघत उभी राह्यली, जनू म्हनत हुती, काढा आता, बघतेच. मी शान्या पोरावानी पडून राह्यलो. पॅड, पिंजरा, आरसा. आरशात ती खिडकीशी बसली. तिनं तळहात गोल फिरवला. चालू करू का? मी पोटावरनं तळहात फिरवला. कर.

आता तो आवाज चार घरं सोडून पिठाची गिरनी चालावी तसा येत हुता. आवाज बदलायची येळ आली की ती आरशात दिसायची. कानाच्या पाळीला बोट लावायची आनि न्हाई म्हनून मान हालवायची. काय बिघडलं न्हाई. दर खेपेला, आवाज बदलायच्या आधीच. मिलमधी ही खून मी मानसांना द्यायचो, आज मला कोनतरी देत हुतं. डोळ्यांतनं पानी कानाकडं वघळायला लागलं आनि पुसायला हात जात नव्हता. तसंच वघळू दिलं.

गाठ निघाली न्हाई. डाक्टर अनिमेषनी कागद बघून तोंडानं सांगितलं, नस साफ आहे. पुढं गोळ्यांनी कान बराचसा उघडला. आता भिमाबाई काय म्हनती ते ऐकू येतं, आनि त्याबद्दल माझी तक्रार न्हाई.

पन त्या दिवशी भाईर आलो तवा बोळे माझ्या कानातच हुते. काढायला मला सवड झाली नव्हती, आनि खरं सांगायचं तर काढावंसं वाटत नव्हतं. भाईर बाकावर मानसं वैतागल्याली. त्यातला एक फेटेवाला म्हातारा भिमाबाईला कायतरी विचारत हुता. व्हट बघून मला कळलं. तो विचारत हुता, एवढा येळ का लागला, मशीन बिघडली हुती का?

“न्हाई,” मी म्हनलं. “मशीन चांगली हुती. माझ्या कानासाठी थांबवली.”

कानात बोळे असल्यावर आपला आवाज आपल्याला कळत न्हाई. सगळी खोली माझ्याकडं वळली, काऊंटरवरची पोरगी सुद्धा. भिमाबाईनं कोपर मारलं, हळू बोला म्हनून. म्हाताऱ्याचे व्हट हालले, थांबवली कुनी?

मी आनखी मोठ्यानं सांगितलं, “माझ्या लेकीनं.”